मोटारसायकल न आवडणारा इंजिनियर

बेळगावात चाळिशी ओलांडलेल्या माणसाला स्कूटर ठाऊक नाही असे सहसा होणार नाही. वडील गाडी चालवताहेत, पुढे धाकटा मुलगा उभा आहे, मागे आई एका बाजूला पाय सोडून बसली आहे आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी आहे, हे दृश्य आपल्या रस्त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. पण या गाडीची मूळ कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली असे विचारले, तर उत्तर देणारा क्वचितच भेटतो. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. दरवर्षी वर्गात हा प्रश्न विचारतो आणि दरवर्षी कोणीतरी एखाद्या भारतीय कारखानदाराचे नाव सांगतो. खरे नाव आहे कोरादीनो दास्कानियो. हा माणूस इटलीचा. त्याची गंमत अशी की त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे, आणि दुचाकी बनवावी असे त्याने आयुष्यात कधी मनात आणले नव्हते. त्याला हवेत उडायचे होते.

दास्कानियोचा जन्म 1 फेब्रुवारी 1891 रोजी इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील पोपोली या गावी झाला. हा सारा डोंगराळ मुलूख. मुलाला लहानपणापासून पक्ष्यांचे वेड. पक्ष्याचे वजन किती, पंखांचा पसारा किती, या दोहोंचे प्रमाण काय, याचा तो हिशेब मांडीत बसे. पंधराव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने एक ग्लायडर बांधले आणि गावाजवळच्या टेकडीवरून ते उडवून पाहिले. आज आपल्याकडे पंधरा वर्षांचा मुलगा दहावीच्या शिकवणीत असतो आणि असे काही करू लागला तर आधी घरच्यांचीच बोलणी खातो. तिकडेही सगळेच पालक आनंदाने माना डोलावीत असतील असे नाही. पण पोराचा नाद सुटला नाही हे खरे.

1914 साली तूरिनच्या तंत्रविद्यालयातून तो यंत्र अभियंता होऊन बाहेर पडला, आणि लगेच पहिले महायुद्ध आले. सैन्याच्या विमान विभागात त्याच्याकडे इंजिनांची तपासणी आणि चाचणी ही कामे आली. विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले तर खाली उतरून दुरुस्त करता येत नाही. म्हणून जमिनीवर असतानाच ते कुठे आणि का दगा देईल हे हुडकून काढावे लागते. ही सवय त्याच्या अंगात या काळात भिनली, आणि पुढची सगळी कहाणी समजून घ्यायला ती लक्षात ठेवली पाहिजे. 1918 मध्ये तो पोमिलिओ या विमान कंपनीबरोबर अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला आणि वर्षभरातच मायदेशी परतला.

परत आल्यावर त्याने जे काम हाती घेतले ते त्या काळी बहुतेकांना वेडेपणाचे वाटत होते. जागच्या जागी सरळ वर चढणारे, हवेत स्थिर राहणारे आणि पुन्हा सरळ खाली उतरणारे यंत्र त्याला करायचे होते, म्हणजेच हेलिकॉप्टर. 1925 च्या सुमारास पिएत्रो त्रोयानी नावाच्या एका सरदाराने पैसा घातला आणि दोघांनी भागीदारी केली. पहिली दोन यंत्रे फसली. तिसरे मात्र उडाले. एकाच उभ्या दांड्यावर एकावर एक असे दोन पंखे, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे. एकच पंखा असला तर त्याच्या उलट दिशेने यंत्राचे धड गरगरू लागते. दोन पंखे उलटसुलट फिरले की ती ओढ एकमेकींत जिरते. न्यूटनचा तिसरा नियम आपण फळ्यावर लिहून सोडून देतो, त्या नियमाशी या माणसाने पाच वर्षे झुंज घेतली.

ऑक्टोबर 1930 मध्ये रोमजवळच्या चांपीनो विमानतळावर मारिनेल्लो नेल्ली या वैमानिकाने ते यंत्र उडवले. उंची 18 मीटर, हवेतला काळ 8 मिनिटे 45 सेकंद, सरळ रेषेतले अंतर एक किलोमीटरहून थोडे अधिक. आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा ते जागतिक विक्रम होते. आपल्याकडे त्याच वर्षी दांडीयात्रा झाली होती, हे आठवले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. सिकॉर्स्कीचे गाजलेले हेलिकॉप्टर अजून नऊ वर्षे दूर होते.

एवढे होऊनही पुढे काही झाले नाही. सरकारने आणि सैन्याने या यंत्रात म्हणावा तसा रस घेतला नाही. पैसा संपला आणि भागीदारी मोडली. चाळिशी ओलांडलेला दास्कानियो 1932 मध्ये पियाजो या विमान बनविणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला. तेथे त्याने विमानाच्या पंख्यांवर मोलाचे काम केले. उड्डाण चालू असताना पात्यांचा कोन बदलता यावा अशी रचना त्याने सिद्ध केली आणि त्या क्षेत्रात नाव कमावले. पिसा विद्यापीठात तो यंत्ररचना हा विषय शिकवीतही असे. हेलिकॉप्टरची स्वप्ने त्याने सोडली नव्हती. संधी मिळेल तेव्हा तो त्यांचे आराखडे काढीतच होता.

मग दुसरे महायुद्ध आले. पियाजोचा पोंतेदेराचा कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा इटलीला विमाने बनवायला जवळजवळ मज्जाव होता. हजारो कामगार बेकार, पोलादाचे पत्रे दाबून आकार देणारी कौशल्ये हातात, पण बनवायचे काय? मालक एनरिको पियाजोने हेरले की देशाचे रस्ते फुटले आहेत, आगगाड्या बंद आहेत, मोटार घ्यायला कोणाकडे पैसा नाही, आणि तरीही माणसांना कामावर तर जायचेच आहे. स्वस्त, साधी, बाईमाणसालाही चालविता येईल अशी दुचाकी हवी. त्याच्या माणसांनी एक नमुना तयार केलाही होता. त्याला कामगार गमतीने बदकाचे पिल्लू म्हणत. मालकाला ते पिल्लू काही पसंत पडले नाही. त्याने दास्कानियोला बोलावले आणि हे काम त्याच्याकडे सोपवले.

येथे माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग येतो. दास्कानियोने यापूर्वी एकही मोटारसायकल केलेली नव्हती. उलट, त्याला ते वाहन गैरसोयीचे आणि घाणेरडे वाटे. दुसरा एखादा असता तर त्याने हे काम माझे नव्हे म्हणून अंग काढून घेतले असते. याने आपली नावडच कामाला लावली. मोटारसायकलमध्ये काय काय बिघडते आणि माणसाला काय काय त्रास होतो, याची जणू यादीच त्याने मनाशी केली, आणि एकेका दोषावर उपाय शोधला.

पहिला दोष चेनचा. चेन सैल पडते, निसटते, तुटते, आणि तिच्या तेलाने कपडे खराब होतात. त्याने चेन काढूनच टाकली. इंजिन थेट मागच्या चाकाला बिलगून बसवले आणि मधली शक्ती दात्यांच्या चक्रांनी पोचवली. जी वस्तू गाडीत नाहीच ती बिघडणार कशी?

दुसरा दोष पंक्चरचा. मोटारसायकलचे चाक दोन दांड्यांच्या मध्ये अडकलेले असते. ते काढायचे म्हणजे रस्त्यावर हत्यारांचे दुकान मांडावे लागते. दास्कानियोला विमानाची चाके ठाऊक होती. विमानाचे चाक एकाच बाजूच्या पायावर बसवलेले असते. तसेच त्याने येथे केले. पुढचे चाक एकाच दांड्यावर, मागचेही एकाच बाजूने धरलेले. चार-पाच नट काढले की चाक हातात येते, मोटारीच्या चाकासारखे.

तिसरा दोष बसण्याचा. मोटारसायकलवर टांग टाकून चढावे लागते. झगा घातलेल्या बाईला किंवा पायघोळ झग्यातल्या पाद्र्याला ते कसे जमावे? त्याने मधला भाग मोकळा ठेवला. खुर्चीवर बसावे तसे बसायचे आणि पाय समोर टेकायचे. आपल्याकडे धोतर आणि लुगडे नेसणाऱ्यांची त्याला कल्पना नसेल, पण सोय त्यांचीही झाली.

चौथा दोष चिखलाचा आणि तेलाचा. समोर पत्र्याची ढाल आली आणि इंजिनावर पत्र्याचे झाकण आले. पाचवा दोष गिअरचा. पायाने गिअर बदलताना बूट खराब होतो आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो, म्हणून गिअर डाव्या हातात, हँडलवरच दिले. शेवटी सांगाडा. नळ्या जोडून सांगाडा करण्याऐवजी त्याने विमानासारखे केले, म्हणजे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे अंगच गाडीचा भार वाहते, आत वेगळा सांगाडा नाहीच.

23 एप्रिल 1946 रोजी फ्लोरेन्समध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. इंजिन 98 सीसी, गिअर तीन, वेग ताशी सुमारे 60 किलोमीटर. मागे फुगीर, मध्ये बारीक आणि वर गुणगुणता आवाज, हे पाहून मालकाला गांधीलमाशी आठवली, म्हणून नाव पडले व्हेस्पा. पहिल्या वर्षी 2,484 गाड्या खपल्या, दुसऱ्या वर्षी 10,535, आणि 1956 साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. असे सांगतात की दास्कानियोला स्कूटरचे काम आधी इन्नोचेंती या दुसऱ्या उद्योगपतीने देऊ केले होते. पण इन्नोचेंतीचा धंदा पोलादी नळ्यांचा, त्याला सांगाडा नळ्यांचाच हवा होता, आणि या मुद्द्यावर दोघांचे बिनसले. इन्नोचेंतीने मग 1947 मध्ये लँब्रेटा काढली. या दोन्ही इटालियन गाड्या पुढे आपल्या देशात आल्या. लँब्रेटा मुंबईत जुळू लागली. व्हेस्पासाठी बजाज ऑटोने पियाजोशी करार केला आणि 1960 नंतरच्या दशकात ती आपल्याकडे बनू लागली. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये त्याच घडणीची चेतक आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले, पण हाडेमांसे दास्कानियोचीच. ती मिळविण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, लग्नाच्या बोलणीत तिचा विषय निघे, हे जुन्या वाचकांना सांगायला नकोच.

माझ्याकडे अशी एक जुनी स्कूटर आहे. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला मी ती अनेकदा नेली आहे आणि भर पावसात ती बंदही पडली आहे. तिच्यासोबत राहून मी जे शिकलो ते विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत सांगतो, कारण बिघाड शोधणे हीसुद्धा एक विद्या आहे. इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल व हवेचे मिश्रण, त्यावरचा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. गाडी बंद पडली की धडाधड किका मारीत सुटू नये. या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते आधी विचारावे.

प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. तेव्हा नळ उघडा आहे का, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा आहे का, या क्रमाने जावे. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. नळ बंद करून, मूठ पूर्ण पिळून चार किका मारल्या की आतले पेट्रोल उडून जाते. प्लग काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण वाढले असावे. या इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळावे लागते, आणि जास्त झालेल्या तेलाची काजळी प्लगच्या फटीत पूल बांधते. प्लग साफ करून, टोपीत बसवून, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि कीक मारावी. निळी ठिणगी उडाली तर विजेची बाजू ठीक. उडाली नाही तर आधी प्लग बदलून पाहावा, मग तार, मग पॉइंट. पॉइंट काळे पडले असतील तर घासावे आणि त्यांच्यातली फट मोजून लावावी. ते पुन्हापुन्हा जळत असतील तर दोष कंडेन्सरचा. गाडी थंड असताना चालते, तापली की बंद पडते आणि निवली की पुन्हा चालते, असे असेल तर कॉइलवर किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी चढावर दम लागतो, तर सायलेन्सर काजळीने भरला आहे का ते पाहावे.

या तपासणीत एक गोष्ट लक्षात येते. जुन्या नमुन्यांपैकी बऱ्याचशा गाड्यांत बॅटरीच नसे; फिरणाऱ्या मॅग्नेटोतूनच ठिणगीही मिळे आणि दिव्याची वीजही. म्हणून इंजिन मंद झाले की दिवा मिणमिणे, पण बॅटरी उतरली म्हणून गाडी अडून बसली असे होत नसे. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी, आणि झालेला बिघाड साध्या माणसाला साध्या हत्यारांनी शोधता येतो. आपल्या उद्यमबागेतल्या किंवा गल्लीतल्या मिस्त्रीने, मग तो मराठी बोलणारा असो की कानडी, कोणत्याही कॉलेजात न जाता ही गाडी खोलून जोडली, याचे श्रेय त्या मिस्त्रीच्या बुद्धीला तर आहेच, पण रचनाकाराच्या विचारालाही आहे.

मी त्याची भलतीच तरफदारी करतो आहे असे कोणी म्हणू नये. या रचनेचे दोषही आहेत. इंजिन उजव्या अंगाला असल्यामुळे गाडीचा तोल त्या बाजूला ओढतो. चाके लहान, म्हणून खड्ड्यात आदळते, आणि आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट लहान नाही. गिअरच्या तारा ताणल्या जातात आणि मुठीवरचा आकडा एक व आतला गिअर दुसराच, असा प्रकार होतो. सकाळी सुरू होण्यापूर्वी ती आडवी करण्याची आपली घरगुती पद्धत सर्वांना माहीत आहे. कार्ब्युरेटरातले पेट्रोल थोडे पुढे सांडते आणि चोकचे काम होते, असे मिस्त्री सांगतात. एक दोष काढला की दुसरा येतो. यंत्ररचना म्हणजे कोणते दोष पत्करायचे याची निवड, आणि दास्कानियोने ती निवड साध्या माणसाच्या बाजूने केली.

जगाने त्याला डोक्यावर घेतले ते या गाडीसाठी. 1953 च्या रोमन हॉलिडे या चित्रपटातून ती घरोघर पोचली. त्याच्या मनात मात्र याचे शल्य होते. हेलिकॉप्टरचा जनक म्हणून ज्याची ओळख व्हायला हवी त्याला लोक स्कूटरवाला म्हणून ओळखतात, ही खंत त्याला शेवटपर्यंत होती. पियाजोत त्याने हेलिकॉप्टरचे काम पुढेही चालू ठेवले, पण ते उत्पादनापर्यंत पोचले नाही. 1961 मध्ये त्याने ती कंपनी सोडली. सत्तरीच्या घरात असताना, 1964 मध्ये, तो आगुस्ता कंपनीबरोबर एक लहान हेलिकॉप्टर बनवू लागला. तेही बाजारात आले नाही. ऑगस्ट 1981 मध्ये पिसा येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला. पंधराव्या वर्षी टेकडीवर सुरू झालेला ध्यास तोवर पंचाहत्तर वर्षांचा झाला होता.

मी या माणसाचा विचार करतो तेव्हा मला माझे काही विद्यार्थी आठवतात. ज्या शाखेत जायचे होते तेथे गुण कमी पडले, म्हणून नाइलाजाने दुसऱ्या शाखेत आलेले. त्यांतले काही पहिल्या दिवसापासून मनाने गैरहजर असतात. त्यांची खंत खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दास्कानियोचीही खोटी नव्हती. पण त्याने नावडत्या कामात आपले विमान आणले. पत्र्याचे अंग, एका पायावरचे चाक, जमिनीवरच दोष हुडकण्याची सवय, हे सारे त्याने आकाशासाठी शिकले होते आणि जमिनीवर खर्चले. आवडते काम मिळाले असते तर त्याने काय केले असते हे कोणी सांगू शकत नाही. न आवडणाऱ्या कामात त्याने काय केले, ते मात्र आपल्या वडिलांनी रोज सकाळी आडवे करून, कीक मारून सुरू केले आणि आपल्याला शाळेत सोडले.